धुरी देणारं खुराडं

कॅन्टीनमध्ये चहाच्या वेळी माणसाने फक्त चहा प्यावा, बोलू नये, हे मी सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरात शिकलो. तोपर्यंत मी बोलत असे. मी आमच्या भोपाळच्या कारखान्यात नियोजन विभागात होतो आणि नियोजन विभागातल्या माणसाला बोलण्यावाचून दुसरे काम नसते असे शॉपमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांवर काम करणाऱ्या, लोकांचे मत होते. त्या दिवशी हेच मत कुणीतरी माझ्या तोंडावर, माझ्याच समोशाचा तुकडा मोडून घेत सांगितले. "कर्णिकसाहेब, वीस वर्षांत स्वतःच्या हाताने एक खिळा तरी ठोकलात का?"

आता हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा होता. पण आदल्याच दिवशी मी क्लबच्या वाचनालयात एक जुने परदेशी मासिक चाळले होते. त्यात एक जाडा, आनंदी गृहस्थ लोखंडी पिंपाशेजारी उभा होता. पिंपात लाकडी कोळशाच्या धुरावर मासे टांगलेले होते, आणि खाली लिहिले होते की असे यंत्र कोणीही टाकाऊ वस्तूंतून एका शनिवारी बनवू शकतो. मी मूळचा पेणचा कायस्थ. मासा या विषयावर आमच्या घरात थट्टा चालत नाही. मी कप खाली ठेवला आणि जाहीर केले की जानेवारीच्या चौथ्या रविवारी केरवा धरणावर शॉपची सहल आहे, त्या सहलीत साठ माणसांना धुरी दिलेला मासा मी खाऊ घालीन, आणि तोही स्वतःच्या हाताने केलेल्या यंत्रातून. टेबलावर शांतता पसरली. तिचा अर्थ मी आदर असा घेतला.

घरी शालिनीला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आणि मासे कोण साफ करणार आहे?" माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक मोठ्या कल्पनेचे स्वागत तिने अशा एखाद्या किरकोळ प्रश्नाने केलेले आहे.

पुढच्या रविवारी मी जुन्या शहरातल्या कबाडखान्यात गेलो. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या जगात मोडलेले सगळे काही ढिगांनी पडलेले असते. मी नियोजन करून गेलो होतो, यादी सोबत होती. यादीतली एकही वस्तू मिळाली नाही आणि यादीत नसलेल्या सहा वस्तू घेऊन आलो. एक उभे पिंप, ज्याचे बूड गंजून गेले होते. त्याच्या शेजारी निखाऱ्यांसाठी ठेवायचे एक लहान पिंप. दोन्हींना जोडायला हातभर पाइप. धुराडे म्हणून आंघोळीच्या बंबातली मधली नळी. पायांसाठी लोखंडी खाटेचे चार पाय. आणि एक तापमापक, ज्याच्यावर माझा फार जीव जडला होता. त्याची तबकडी ताटाएवढी होती. घरी येऊन पाहिले तर तो कुठल्यातरी भट्टीचा असून त्याचे आकडे तीनशेपासून सुरू होत होते. पुढे आमच्या सगळ्या प्रयोगांत त्याचा काटा एकदाही हलला नाही, पण यंत्राला त्याने जी शोभा आणली ती नाकारता येणार नाही.

हातगाडीवर हे सामान टाकून मी टाउनशिपच्या चौकात पोचलो आणि सुरक्षा विभागाच्या हवालदाराने गाडी अडवली. मोठ्या पिंपावर पिवळ्या रंगात आमच्याच कारखान्याचा नंबर होता. ते कधीतरी भंगारच्या लिलावात बाहेर गेले असणार.

"साब, ये तो कारखाने का माल है. पर्चा दिखाइए."

मी म्हटले, "अरे, हे बाहेरून आत येतंय, आतून बाहेर जात नाही."

"तो अंदर आने का पर्चा दिखाइए."

इथे मला थोडे मागे जाऊन एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माल बाहेर नेण्याचा चौदा रकान्यांचा फॉर्म मीच तयार केला होता. त्याबद्दल साहेबांनी मीटिंगमध्ये माझे नाव घेतले होते. चौदा रकाने काढताना मी सगळ्या शक्यतांचा विचार केला, पण एकदा बाहेर गेलेले पिंप कुणी पुन्हा आत आणील असे माझ्या मनात आले नाही. तसा फॉर्मच अस्तित्वात नव्हता. तीन दिवस मी माझ्याच विभागात, माझ्याच हाताखालच्या कारकुनापुढे उभा राहून हे समजावत होतो आणि तो मला माझाच फॉर्म वाचून दाखवत होता. शेवटी हवालदारालाच दया आली. तो म्हणाला, "साब, थोड़ा काला रंग मार लो. नंबर नहीं दिखेगा तो कारखाने का कैसे हुआ?" नियोजन विभागात असा एक माणूस असता तर आमची पुष्कळ कामे वेळेवर झाली असती.

पिंप अंगणात आले. आता त्याला नवे बूड बसवायचे होते, पाइप जोडायचा होता, आणि हे सगळे मी नटबोल्टने करणार होतो. छिन्नी-हातोडा घेऊन मी पहिले काम केले ते धुराड्याच्या भोकाचे. पिंपाच्या झाकणात गोल भोक पाडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ते गोल झाले नाही. बंबाची नळी त्यात बसली, पण नळीच्या एका बाजूला दोन बोटे आरामात जातील एवढी फट राहिली. मी ती बाजू भिंतीकडे केली.

शेजारपाजारच्यांनी सल्ला देण्यात कसूर केली नाही. कुणी म्हणाले भट्टी खड्ड्यात हवी, कुणी म्हणाले माशाऐवजी वांगी लावा, धोका कमी. आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर कमलिनीबाई देव राहत. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, घर शुद्ध शाकाहारी. त्यांनी गॅलरीतून विचारले, "कर्णिक, धूर वर येणार का?" मी म्हटले, धुराचा स्वभाव वर जाण्याचाच आहे. त्या म्हणाल्या, "मग निदान कडुलिंबाची लाकडं घाला, डास तरी जातील." कडुलिंबाच्या धुरातला मासा खाणाऱ्याचे काय होईल याची चिंता त्यांना असण्याचे कारण नव्हते.

पाचव्या संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "काय करून राहिले जी, साहेब?"

ते नीळकंठ धोटे. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले, नागपूरकडचे. तीस वर्षे वेल्डर. उच्च दाबाच्या ज्या नळ्यांत वाफ फुटली तर माणसे मरतात, त्या नळ्यांचे जोड धोट्यांनी करायचे, हे शॉपमध्ये ठरलेले असे. पण दोन वर्षांपूर्वी वेल्डरांच्या वार्षिक परीक्षेत त्यांनी जोडलेला एक नमुन्याचा तुकडा नापास झाला, डोळ्यांच्या तपासणीतही काहीतरी निघाले, आणि त्यांना हत्यारघरात बसवले. तेव्हापासून ते खिडकीतून पाने आणि पक्कडी देत आणि त्या बदल्यात पितळी बिल्ले घेऊन खुंटीला अडकवत. एकतीस जानेवारीला ते निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडून मुलाकडे नागपूरला जाणार होते. आणखी एक सांगायचे राहिले. हत्यारघरात बदली झालेल्यांच्या यादीवर नियोजन विभागातर्फे सही माझी होती.

मी काय करतो आहे ते सांगितले. धोट्यांनी पिंपाला एक फेरी मारली आणि माझे नटबोल्ट बोटाने हलवून पाहिले. मग म्हणाले, "धूर हवेपेक्षा हलका. बोल्टमधून तर पळतेच. याले जोड पायजे."

"पण वेल्डिंग मशीन कुठून आणायचं?"

"गोविंदपुऱ्यात रमेशचं ग्रिलचं दुकान आहे. माझ्या हाताखाली शिकला थो." त्यांनी पिंपावर हात ठेवला. "साहेब, तुमी म्हनत असाल तर मी करतो. दोन वर्षं झाली. जायच्या आधी एकदा पाहून घेतो, माझा हात गेला का त्यायची परीक्षा चुकली."

मी सहीबद्दल बोलायला तोंड उघडले. ते म्हणाले, "ते मले ठावूक आहे जी. सही कोनाची तरी लागतेच. तुमी उद्या हातगाडी पहा."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही रमेशच्या दुकानात होतो. रमेश चाळिशीतला, पोट सुटलेला, चार माणसे हाताखाली असलेला मालक. धोटे आत येताच तो खुर्चीवरून उठला आणि "उस्ताद" म्हणून पाया पडला. मग त्याने स्वतः मशीन लावले, स्वतः वेल्डिंगच्या कांड्या काढून दिल्या, आणि हळूच मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, उस्ताद की नज़र... मैं कर दूँ क्या?" त्याचा आवाज हळू होता, पण दुकान लहान होते.

धोट्यांनी ऐकले की नाही कळले नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला, काचेचा मुखवटा हातात घेतला आणि पिंपाच्या बुडाशी उकिडवे बसले. मला जवळ बोलावले. म्हणाले, "तुमाले वाटते वेल्डिंग डोळ्यानं होते. तिकडे पाहू नका, डोळे जातील. कान द्या."

मी पाठ करून उभा राहिलो. आधी तडतडले, अडखळले, थांबले. रमेश आपल्या माणसांकडे बघेना. मग पुन्हा सुरू झाले आणि यावेळी आवाज लागला. गरम तेलात कांदा पडून एकसारखा परतला जावा तसा तो आवाज होता. ना वाढला, ना कमी झाला. तो पिंपाच्या भोवती हळूहळू फिरत गेला आणि जिथून निघाला तिथे येऊन थांबला. दुकानातली चारी माणसे आपापली कामे टाकून कान देऊन उभी होती. मी इंजिनिअर माणूस, वीस वर्षे जोडांच्या याद्या केल्या, किती मीटर, किती तास, पण जोडाला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळले. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. धोट्यांनी हातोडीने वरची मळी पाडली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं."

आठवडाभरात यंत्र उभे राहिले. खाटेच्या पायांवर मोठे पिंप, बाजूला लहान पिंप, मध्ये पाइप, वर बंबाची नळी, छातीवर तो ताटाएवढा तापमापक. दाराला मूठ म्हणून शालिनीच्या जुन्या कुकरची मूठ लावली. तिने ती मागितल्याशिवाय दिली नाही एवढेच मी म्हणेन.

आणि मग क्वार्टर तपासणारे गोविंद तिवारी सायकलवरून उतरले. अंगणात चार फुटांपेक्षा उंच काहीही उभे केले की त्याला बांधकाम म्हणतात आणि बांधकामाला परवानगी लागते. त्यांच्या पुस्तकात परवानगीचे तीन प्रकार होते: गॅरेज, तुळशीवृंदावन आणि कोंबड्यांचे खुराडे. तिवारीजी सज्जन होते. त्यांनी यंत्र सर्व बाजूंनी पाहिले, पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारले, "इसमें मुर्गी रखेंगे?"

"मछली रखेंगे," मी म्हटले.

"ज़िंदा?"

"नहीं."

त्यांनी थोडा विचार केला. "तुलसी का चबूतरा तो मैं नहीं लिख सकता, पाप लगेगा. मुर्गी का दड़बा लिख देता हूँ." अशा रीतीने आमचे यंत्र सरकारी दप्तरी खुराडे म्हणून नोंदले गेले. कोंबड्यांची संख्या या रकान्यात त्यांनी शून्य लिहिले आणि शेरा मारला, 'प्रस्तावित'.

चाचणी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी ठेवली. धोटे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाशी होते. लहान पिंपात कोळसा पेटवला, त्यावर आंब्याची ओली ढलपी टाकली. मोठ्या पिंपात चार बटाटे टांगले, कारण पहिल्या चाचणीला मासा द्यायला शालिनी तयार नव्हती. पाच मिनिटांत धूर निघाला. तो बंबाच्या नळीतून निघायला हवा होता. नळीतून थोडा निघाला. बाकीचा झाकणाखालून, भिंतीच्या बाजूने, लोळच्या लोळ निघाला आणि भिंतीला धरून थेट वर, कमलिनीबाईंच्या गॅलरीत गेला. तिथे त्यांनी संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी पैठणी उन्हाला टाकली होती.

हळदीकुंकवाला शालिनीही गेली होती. तिने सांगितले की कमलिनीबाई दारातून आत आल्या तेव्हा बायकांनी विचारले, आज घरी कोणता होम केला. कमलिनीबाई म्हणाल्या, "नवग्रहशांत." घरी परत आल्यावर मात्र त्यांनी शांती ठेवली नाही. अंगणात खाली उतरून, ब्लॉकमधली निम्मी माणसे जमलेली असताना, त्या म्हणाल्या, "कर्णिक, तुमच्या यंत्राला जोडच नीट नाहीत. आणि कसे असतील, धोट्यांचे डोळे गेले म्हणून तर त्यांना खिडकीत बसवलंय ना?"

त्या वाईट बाई नव्हत्या. पैठणी त्यांच्या आईची होती. पण धोटे कुंपणाशी उभे होते. त्यांनी यंत्राकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे पाहिले आणि आत निघून गेले. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले, वय झाले की होतेच. आणि मी, ज्याला ती दोन बोटांची फट माहीत होती, ज्याने स्वतःच्या हाताने ती भिंतीकडे फिरवली होती, तो मी गप्प बसलो. माझ्या हातून झालेली ती एकच वस्तू होती. ती फुकट गेली असे साठ माणसांना कळू द्यायला माझी जीभ रेटली नाही. या गोष्टीत मी पुष्कळ ठिकाणी हास्यास्पद झालो आहे, पण याच ठिकाणी मी हलका माणूस ठरलो.

पाच दिवस धोटे कुंपणाशी आले नाहीत. त्यांची बायको लीलावतीबाई शालिनीला म्हणाली, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. सामान बांधायचे आहे तर त्यालाही हात लावत नाहीत. सहाव्या दिवशी, शनिवारी, कचेरीतून आल्यावर मी चहा न पिता त्यांच्याकडे गेलो. ते दारातच भेटले. त्यांच्या एका हातात खडूची पूड कालवलेले डबडे होते आणि दुसऱ्यात रॉकेलची बाटली.

"साहेब, टेस्ट घेतो म्हनतो. उद्या सहल आहे. टेस्टशिवाय माल बाहेर जात नसते."

मी म्हटले, "धोटे, टेस्ट नको. गळती माझ्या भोकातून आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी बोललो नाही."

त्यांनी डबडे खाली ठेवले. "मलेही माहीत होतं जी. पन तुमचं भोक होतं, मी कसा बोलू?" मग डबडे उचलत म्हणाले, "भोक तुमचं. जोडाचं मले पाह्यचं आहे. त्या बाईनं म्हटलं तवापासून मलेच भरोसा नाही रायला."

ही टेस्ट कारखान्यातली नेहमीची. जोडाच्या बाहेरून खडूचा पातळ लेप द्यायचा, वाळू द्यायचा. आतून रॉकेल चोपडायचे. रॉकेलला केसाएवढी वाट मिळाली तरी ते पलीकडे उतरते आणि पांढऱ्या खडूवर काळसर टिपका उमटतो. धोट्यांनी गुडघ्यावर बसून बुडाच्या गोल जोडाला, पाइपच्या दोन्ही टोकांना लेप दिला. आतून एकदा रॉकेल लावले, मग बाहेर जाणारा माल म्हणून दुसऱ्यांदा लावले, आणि उरलेली बाटली बुडात ओतली. बातमी पसरली. अंगणात आम्ही अकरा माणसे जमलो. त्यात दोन फोरमन होते, एक गुणवत्ता विभागाचा माणूस होता, आणि सगळ्यांची मिळून त्या कारखान्यात दोनशे वर्षे नोकरी झाली होती. आम्ही अकराजण टॉर्च घेऊन अर्धा तास खडू बघत होतो. खिडकीतून शालिनीने विचारले, "अहो, यात जेवण करायचंय ना?" तिला कुणीतरी सांगितले, वहिनी, टेस्ट चालू आहे.

अर्धा तास झाला. खडू पांढराच होता. पाऊण तास झाला. मोठा फोरमन गुडघ्यावर बसला आणि जोडाभोवती सगळीकडे टॉर्च फिरवून उठला. "एक टिपका नाही, धोटे."

धोट्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि मग स्वतः सगळा जोड पाहिला. कमलिनीबाई वरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं, भाऊ." मग त्यांनी खाली चिवडा पाठवला. मी माझ्या भोकाची फट ओल्या मातीने लिंपली. मातीचे काम मला चांगले जमते.

सकाळी सहाला ट्रक आला. यंत्र, सतरंज्या, पातेली, साठ माणसे आणि बड्या तलावातले बारा रोहू, शालिनीने आदल्या रात्री हळद, लसूण, आमसूल लावून ठेवलेले. केरव्याला पोचताच मी कोळसा पेटवला. धूर आला तो फक्त बंबाच्या नळीतून, सरळ, बारीक, दोरीसारखा. माझ्या मातीनेही दगा दिला नाही. शॉपचे लोक भोवती जमले. ज्याने मला खिळ्याचे विचारले होते तो म्हणाला, "मान गए, साहब." दोन तास मी पाठीवर हात बांधून यंत्राभोवती फिरत होतो आणि माझ्या मते त्या मासिकातला जाडा गृहस्थही याहून सुखी नसेल.

अकरा वाजता दार उघडले. माशांना असा सोनेरी रंग चढला होता की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. पहिला तुकडा मोठ्या साहेबांना दिला. त्यांनी तो तोंडात घातला, चावला आणि चावायचे थांबले. ते धरणाकडे पाहू लागले. फार सभ्य माणूस. त्यांनी तो गिळला आणि विचारले, "कर्णिक, यात काय घातलंय?" मी तुकडा तोडून तोंडात टाकला. स्टोव्हची वात चोखावी तशी चव होती.

मग सगळ्यांना एकदमच कळले. अकरा माणसे एकमेकांकडे बघू लागली. शालिनी सतरंजीवर बसून कांदा चिरत होती, तिने मान वर केली नाही. ती काही म्हणालीसुद्धा नाही, आणि लग्नाच्या वीस वर्षांत माझी एवढी खोड कधी मोडली नव्हती. साठ माणसे हळूहळू कमलिनीबाईंनी आणलेल्या पुरी-बटाट्याकडे सरकली. बारा रोहू यंत्रात टांगलेले राहिले. मी त्यांच्याशेजारी एकटा उभा राहिलो, कारण यजमान म्हणून तेवढे तरी करणे भाग होते.

तेवढ्यात अरविंद सप्रे आले. ते तपासणी विभागाचे. शॉपमधला प्रत्येक जोड त्यांच्या हाताखालून जाई आणि त्यांच्या खिशात कायम पिवळा खडू असे. चुकीच्या जागी फुली, बरोबर असेल तर सही आणि तारीख, त्याशिवाय नग हलत नसे. दोन वर्षांपूर्वी धोट्यांचा तुकडा नापास केला तो त्यांनीच. ते पक्के शाकाहारी, माशाशी त्यांना घेणे नव्हते. पण ते पुरीचे ताट हातात घेऊन यंत्राशी थांबले. ताट त्यांनी माझ्या हातात दिले. उकिडवे बसले आणि बुडाच्या जोडावर अंगठा ठेवून तो सावकाश सगळीकडे फिरवला. निखाऱ्यांनी लोखंड गरम होते. अंगठा त्यांनी काढला नाही.

"कोणाचा आहे?"

ज्याचा जोड होता तो वडाखाली लीलावतीबाईंशेजारी बसला होता. धोटे उभे राहिले. जेवणारे जेवायचे थांबले. मी म्हणालो, "धोट्यांचा. सगळा. माझी फक्त माती आहे."

सप्र्यांनी धोट्यांना हाताने जवळ बोलावले. दोघे पुन्हा एकदा जोडाभोवती फिरले, एक बसून, एक वाकून. मग सप्रे म्हणाले, "त्या दिवशी तुकडा खराब होता, धोटे. मी खराबच म्हणणार. हा चांगला आहे." त्यांनी खिशातून पिवळा खडू काढला आणि काळ्या रंगावर, जोडाच्या शेजारी, सही केली आणि तारीख घातली. बावीस जानेवारी. ताट माझ्या हातून परत घेतले आणि पुरी खायला निघून गेले.

त्यानंतर शॉपचे वेल्डर एकेक करून आले. जो तो वाकायचा, जोडावर अंगठा फिरवायचा आणि बाजूला व्हायचा. धोटे शेजारी उभे होते, हात शर्टाला पुसत. मला त्यांचा हेवा वाटला, आणि असा माणूस माझ्या कुंपणापलीकडे दहा वर्षे राहिला याचा अभिमानही वाटला. मग त्यांनी यंत्रातला एक रोहू उतरवला, वडाखाली नेला आणि बसून खायला घेतला.

मी म्हटले, "धोटे, नका हो. रॉकेल आहे."

"हाव," ते म्हणाले. "आतच रायलं ना पन. बाहेर नाही आलं."

दोन घासांनंतर लीलावतीबाईंनी तो काढून घेतला. चार वाजता ट्रकमध्ये सामान चढले. यंत्र मागच्या फळीशी लावले आणि त्याच्या बाजूला सतरंज्यांचा गठ्ठा टाकला. पुढे ड्रायव्हरशेजारी धोट्यांसाठी जागा ठेवली होती, मोठ्या साहेबांनी स्वतः हाक मारली. धोटे गेले नाहीत. ट्रक हलला की सतरंज्या पिंपाला घासल्या असत्या आणि खडूची सही पुसली गेली असती. ते मध्ये शिरून बसले, पाठ सतरंज्यांना आणि तोंड पिंपाकडे करून, आणि टाउनशिप येईपर्यंत तसेच बसले.